वारंवार तुटणारे इंटरनेट : दोष तारेत की सॉफ्टवेअरमध्ये ?

व्यापार हा पूर्वापार निरोपावर चालत आलेला आहे. भाव कळला पाहिजे, माल निघाल्याचे कळले पाहिजे व पैसा पोहोचल्याचे कळले पाहिजे. ह्या तीन गोष्टी वेळेवर कळल्या तर पेढी चालते. न कळल्या तर वखारीत माल असूनही पेढी बसते. आमच्या वडिलांच्या काळी हे काम पोस्टकार्ड, तार आणि ट्रंककॉल ह्यांनी केले. पुढे घरोघरी टेलिफोन आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, आणि जुलै २०१३ मध्ये सरकारी तारेची सेवा कायमची बंद झाली. ह्या दोन तारखांच्या दरम्यान आमच्या पिढीच्या व्यापाऱ्याचे सारे जग बदलले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आज धान्याच्या घाऊक पेढीवर इंटरनेट हे केवळ सोयीचे साधन राहिलेले नाही. सुटे धान्य व मोठी पोती ह्यांवर कर नसला, तरी १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावून बांधलेल्या तांदूळ, डाळ व आट्याच्या पिशव्या ५ टक्के कराखाली आल्या. असा माल ५०,००० रुपयांवर गेला व परराज्यात निघाला की ई-वे बिलावाचून गाडी हलविता येत नाही. परराज्यासाठी हा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. ज्यांची उलाढाल ५ कोटींवर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्यास दिलेले करपात्र मालाचे बिलही सरकारी यंत्रणेत नोंदवून क्रमांक घेतल्यावाचून देता येत नाही. बाजार समित्यांतील लिलाव कर्नाटकात २०१४ पासून, व ई-नाम योजनेखाली १४ एप्रिल २०१६ पासून देशात इतरत्र, संगणकावर होऊ लागले आहेत. किरकोळ दुकानदाराचा पैसाही बहुधा मोबाईलवरूनच येतो. अशा स्थितीत दुकानातील इंटरनेट दिवसातून पाच वेळा तुटू लागले तर त्याचे नुकसान किती, हे व्यापारी बांधवांस आम्ही वेगळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखात ह्या तुटण्याचाच विचार करावयाचा आहे. त्यातही विशेष करून त्या तुटण्याचा, ज्याचे मूळ तारेत नसून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. तार तुटली तर ती डोळ्यांस दिसते. सॉफ्टवेअरचा दोष दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दोषाचे खापर नेहमी गिऱ्हाइकाच्या माथी फुटते. आम्ही ह्या शास्त्राचे पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण व पेढीवरील चाळीसहून अधिक वर्षांचा हिशेब, एवढीच आमची शिदोरी. परंतु हिशेबाची सवय ह्या कामी फार उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे.

निरोपाची वाट

प्रथम दुकानातील निरोप बाहेर कोणत्या वाटेने जातो ते पाहू. माल जसा दुकानातून हातगाडीवर, हातगाडीवरून ट्रान्सपोर्टच्या गोदामात, तेथून ट्रकने परगावी जातो, तसेच हे आहे. संगणकापासून राउटरपर्यंतचा पहिला टप्पा वायरने किंवा वायफायने होतो. राउटर हे पेढीचे दार होय. दारापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा दुसरा टप्पा हल्ली बहुधा फायबरचा, म्हणजे केसाएवढ्या काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाचा असतो. केंद्रात कंपनीचे संगणक बसलेले असतात. ते आपले नाव व सांकेतिक शब्द तपासतात, आपणांस एक पत्ता देतात आणि मग पुढे जाऊ देतात. तेथून पुढचा तिसरा टप्पा बाहेरच्या जगाचा.

ह्यातील पहिला टप्पा आपला, दुसरा कंपनीचा व तिसरा सर्वांचा. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राउटर आपल्या भिंतीवर टांगलेला असला, तरी त्याच्या पोटातील सॉफ्टवेअर बहुधा कंपनीच्या ताब्यात असते. २००४ साली ह्या धंद्यातील कंपन्यांनी एक सामाईक पद्धत ठरविली. तिला टीआर-०६९ असे नाव आहे. तिच्या योगे कंपनी आपल्या केंद्रात बसून गिऱ्हाइकाच्या राउटरमधील सॉफ्टवेअर बदलू शकते, त्याची मांडणी बदलू शकते व तो बंद करून पुन्हा चालूही करू शकते. ही सोय वाईट नाही. लाखो घरी माणूस पाठविणे कोणासही शक्य नाही. परंतु दाराची किल्ली दुसऱ्याकडे असल्यावर दार का लागले ह्याची चौकशी करताना त्या दुसऱ्यासही विचारले पाहिजे, हे उघड आहे.

आमच्या पेढीवरील प्रकरण

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या पेढीवर हा त्रास सुरू झाला. इंटरनेट चालता चालता थांबे, दोनतीन मिनिटांनी आपोआप येई. प्रथम कोणी मनावर घेतले नाही. पण एके दिवशी सायंकाळी गोव्याला जावयाची तांदळाची गाडी भरून उभी होती. म्हापशाच्या एका लग्नघरी तो तांदूळ पहाटेपर्यंत पोहोचावयाचा होता. ई-वे बिलात गाडीचा क्रमांक भरावयाचा तेवढा राहिला असता जोडणी तुटली; पुन्हा आली तो सरकारी पानाने आत घेण्यास नकार दिला, आणि मोबाईलवर येणारा अंकही येईना. ड्रायव्हर घाट रात्री उशिरा उतरण्यास नाखूष होता. हमाल मजुरीसाठी थांबलेले. शेवटी शेजारच्या पेढीवरील संगणकावर बिल केले, तेव्हा गाडी हलली. शेजाऱ्यांचे कनेक्शन दुसऱ्या कंपनीचे होते.

तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस आला. त्याने वायर बदलली. चार दिवसांनी दुसरा आला. त्याने फायबरचे टोक कापून नवे जोडले. तिसऱ्याने राउटरच बदलून त्याच जातीचा दुसरा बसविला, व जाताना म्हणाला, "शेठजी, तुमच्या दुकानात धान्याची धूळ फार आहे. धुळीने मशीन तापते." धान्याच्या दुकानात धूळ असणारच. परंतु धूळ काय घड्याळ पाहून त्रास देते ?

हा प्रश्न मनात येण्याचे कारण आमच्या पुतण्याची वही. तो वाणिज्य शाखेचा पदवीधर असून पेढीचे संगणकाचे काम तोच पाहतो. त्याने पहिल्या आठवड्यापासूनच एका जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक वेळचा जमाखर्च मांडला होता : तारीख, जोडणी तुटल्याची वेळ, परत आल्याची वेळ, त्या वेळी राउटरवरील कोणते दिवे लागले होते, आणि शेवटचा राउटर केव्हा बंद करून चालू केला होता. बारा दिवसांच्या नोंदी एकाखाली एक पाहिल्यावर तो म्हणाला, "काका, हे बघा. सकाळी नऊ चाळीसला राउटर चालू केला त्या दिवशी अकरा चाळीसला तुटले, मग एक चाळीसच्या सुमारास. ज्या दिवशी दहाला चालू केला त्या दिवशी बाराला. घड्याळाची वेळ बदलते, अंतर बदलत नाही."

हिशेबाच्या वहीत एकच रक्कम पुन:पुन्हा दिसू लागली की मुनीम सावध होतो. तसेच हे झाले. उंदराने कुरतडलेली वायर दर दोन तासांनी त्रास देत नाही. ऊन, पाऊस, धूळ ह्यांना दोन तासांचे माप ठाऊक नसते. ठरावीक अंतराने होणारी गोष्ट मोजणारे काही तरी असले पाहिजे, आणि मोजण्याचे काम सॉफ्टवेअर करते.

त्यानंतर त्याने तीन कसोट्या घेतल्या. पहिली, संगणक वायफायवरून काढून वायरने राउटरला जोडला. तरीही जोडणी तुटली. म्हणजे वायफायचा दोष नव्हे. दुसरी, तुटण्याच्या क्षणी फायबरचा दिवा पाहिला. तो हिरवा व स्थिर होता. म्हणजे केंद्रातून येणारा प्रकाश चालू होता, तार शाबूत होती. तिसरी कसोटी निर्णायक ठरली. कंपनीच्या कचेरीतून परवानगी घेऊन राउटर नुसत्या पुलासारखा, म्हणजे निरोप इकडून तिकडे पोहोचविण्यापुरता ठेवला, व नाव आणि सांकेतिक शब्द देऊन आत शिरण्याचे काम राउटरऐवजी संगणकाकडे दिले. ती जोडणी सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकदाही तुटली नाही.

ह्यावरून निष्कर्ष असा निघाला. कंपनीच्या केंद्रातच दोन तासांनी दार लावण्याची मांडणी असती, तर संगणकाने केलेली जोडणीही दोन तासांनी तुटली असती; ती तुटली नाही. सबब केंद्र निर्दोष. राउटरचे यंत्र बिघडलेले असते, तर बदलून दिलेला दुसरा राउटर नीट चालावयास हवा होता. तोही तसाच तुटत होता. सबब यंत्र निर्दोष. दोन्ही राउटरांत समान असे एकच उरले, ते म्हणजे कंपनीने दोघांत भरलेले सॉफ्टवेअर. आम्ही वहीची पाने, तिन्ही कसोट्या व हा निष्कर्ष लिहून वरच्या कचेरीकडे पाठविला. आठ दिवसांनी कंपनीने आपल्या केंद्रातून आमच्या राउटरमध्ये सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती भरली, आणि त्रास संपला. काय चुकले होते ते कंपनीने कळविले नाही. परंतु पुढे कळले की त्याच गल्लीतील आणखी तीन पेढ्यांवर तोच राउटर व तोच त्रास होता, आणि तेथेही वायरच बदलल्या जात होत्या.

सॉफ्टवेअरच्या दोषाचे प्रकार

सर्वच ठिकाणी दोष एकच असतो असे नाही. आमच्या समजुतीप्रमाणे कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे होणारे प्रकार मुख्यत: सहा आहेत. प्रत्येकाची खूण वेगळी, व म्हणून उपायही वेगळा.

पहिला प्रकार, कंपनीने आपल्या संगणकात बसविलेल्या सॉफ्टवेअरचा. काही कंपन्यांच्या जोडणीसाठी, तसेच संगणकाला टोचावयाच्या डोंगलसाठी, स्वतंत्र प्रोग्राम दिला जात असे. काही ठिकाणी तो अजूनही आहे. असा प्रोग्राम कधी काही मिनिटे काम न झाल्यास जोडणी स्वत:च तोडतो, तर कधी संगणकाच्या नव्या आवृत्तीशी त्याचे जुळत नाही. विंडोजमध्ये जोडणी करण्याची स्वत:ची व्यवस्था असते. कंपनीचा प्रोग्राम बाजूस ठेवून तिच्याद्वारे जोडणी करून पाहावी. ती टिकली तर दोष कोठे आहे ते कळलेच. मात्र त्याबरोबर विंडोजमधील वीज वाचविण्याची मांडणीही तपासावी. तिच्यामुळे नेटवर्कचा भाग मध्येच झोपी जातो, आणि तो दोष कंपनीचा नसतो.

दुसरा प्रकार राउटरमधील सॉफ्टवेअरचा. तो वर आला आहे. काही दिवस नीट चालून मग मंदावणारा, आणि बंद करून चालू केला की पुन्हा ताजातवाना होणारा राउटर हीही त्याचीच खूण असू शकते. रात्री नवी आवृत्ती आल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला, तर ती तारीख अवश्य टिपावी. राउटरच्या माहितीच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक असतो. तो आज चांगले चालले असतानाच लिहून ठेवावा, म्हणजे पुढे बदलल्यास समजेल.

तिसरा प्रकार नाव-तपासणीचा. अनेक फायबर जोडण्या पीपीपीओई नावाच्या पद्धतीने चालतात. ही पद्धत १९९९ साली लिखित स्वरूपात आली. तीत राउटर व कंपनीचे केंद्र एकमेकांस ठरावीक अंतराने "आहात काय" असे विचारीत असतात. काही वेळा उत्तर न आल्यास जोडणी मोडली असे समजले जाते. आता दुकानातील वीज एकाएकी गेली तर राउटरला "येतो" म्हणून निरोप घेण्यास सवड मिळत नाही. केंद्राच्या वहीत आपण आत असल्याचीच नोंद राहते. वीज आल्यावर राउटर पुन्हा दार ठोठावतो, तेव्हा "ह्या नावाचा माणूस आधीच आत आहे" असे म्हणून केंद्र त्यास परत पाठविते. काही मिनिटांनी जुनी नोंद पुसली जाते व मग प्रवेश मिळतो. वीज गेल्यानंतर दिवे सर्व ठीक असून इंटरनेट मात्र उशिराने येते, ही ह्या प्रकाराची खूण. कंपनीस सांगून जुनी नोंद पुसून घ्यावी, व राउटरला बॅटरीचा आधार द्यावा. ह्याच वर्गात चोवीस तासांनी जोडणी मुद्दाम तोडण्याची पद्धत येते. जर्मनीत टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटमध्ये ती अनेक वर्षे रूढ होती. आपल्याकडे असे ठरावीक तोडणे दुपारी ऐन कामात होत असेल, तर राउटर रोज पहाटे एकदा बंद करून चालू केल्याने ती वेळ पहाटेकडे सरकते.

चौथा प्रकार भाड्याने मिळालेल्या पत्त्याचा. नाव-तपासणीऐवजी काही कंपन्या राउटरला ठरावीक मुदतीचा पत्ता देतात. मुदत निम्मी सरली की राउटर मुदतवाढ मागतो; ती न मिळाल्यास पुढेही मागत राहतो, आणि मुदत संपल्यावर पत्ता सोडतो. भाडेचिठ्ठीसारखाच हा व्यवहार आहे. मुदतवाढ देणारे केंद्रातील सॉफ्टवेअर उत्तर देत नसेल, तर जोडणी बरोबर मुदतीच्या शेवटी तुटते. राउटरच्या पानावर ही मुदत दिलेली असते. तुटण्याचे अंतर व ती मुदत सारखी निघाली तर आणखी पुरावा लागत नाही.

पाचवा प्रकार नावांच्या कोशाचा. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्रास त्याचा अंकांतील पत्ता लागतो. हा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेस डीएनएस म्हणतात. ती बहुधा कंपनीचीच असते. ती थांबली की सारे इंटरनेट बंद पडल्यासारखे भासते. वस्तुत: रस्ता मोकळा असतो, फक्त पत्ता सांगणारा गैरहजर असतो. अशा वेळी राउटरमध्ये दुसरी सार्वजनिक यंत्रणा, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ह्या पत्त्याची, भरल्याने काम चालू होते.

सहावा प्रकार पोत्याच्या मापाचा. इंटरनेटवरील निरोप लहान लहान पुडक्यांतून जातो. एका पुडक्याचे सर्वसाधारण माप १५०० बाइट. पीपीपीओईमध्ये त्यातील ८ बाइट बारदानात जातात, आणि मालासाठी १४९२ उरतात. राउटरमधील सॉफ्टवेअरने हे माप नीट पाळले नाही, तर लहान पाने उघडतात, पण मोठी कागदपत्रे चढविताना किंवा काही विशिष्ट संकेतस्थळांवर काम अडते. जोडणी तुटली असे वाटते, परंतु ती तुटलेली नसते. राउटरमधील एमटीयू ह्या रकान्यात १४९२ किंवा त्याहून थोडी लहान संख्या घालून पाहावी.

चार पायऱ्यांची परीक्षा

आता प्रत्यक्ष परीक्षा कशी करावी ते सांगतो. जोडणी तुटताच राउटर बंद-चालू करण्याची घाई करू नये. तसे केल्याने पुरावा पुसला जातो. प्रथम दिवे पाहावेत. एलओएस हा दिवा तांबडा लागला असेल तर प्रकाशच येत नाही. तार तुटली, वाकली किंवा केंद्रातून बंद झाली. तेथे सॉफ्टवेअरचा शोध करू नये, सरळ लाइनमनला बोलवावे. पीओएन हा दिवा हिरवा स्थिर असेल तर तार ठीक आहे. तो लुकलुकत असेल तर राउटर केंद्राशी ओळख पटविण्याच्या खटपटीत आहे. राउटरच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचे माप असते. ते साधारणत: उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावे. उणे २७ च्या पलीकडे गेले असेल तर प्रकाश क्षीण आहे, आणि तो तारेचा किंवा सांध्याचा दोष होय.

दिवे ठीक असतील तर वायरने जोडलेल्या संगणकावर आज्ञा लिहिण्याची काळी चौकट उघडावी, व "पिंग" ही आज्ञा देऊन क्रमाने चार पत्त्यांस हाक मारावी. पहिली हाक राउटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो व राउटरच्या खाली चिकटविलेल्या चिठ्ठीवर मिळतो. उत्तर न आल्यास दोष दुकानातच आहे. दुसरी हाक कंपनीच्या केंद्रातील पहिल्या यंत्राला; त्याचा पत्ता राउटरच्या पानावर "गेटवे" ह्या नावापुढे असतो. राउटर उत्तर देतो पण गेटवे देत नाही, असे झाल्यास दोष दुसऱ्या टप्प्यात. मात्र काही कंपन्यांची गेटवे यंत्रे अशा हाकेस उत्तर न देण्यासाठीच मांडलेली असतात; म्हणून चांगल्या दिवशी एकदा हाक मारून ती उत्तर देतात किंवा नाही हे पाहून ठेवावे. तिसरी हाक ८.८.८.८ ला. चौथी हाक एखाद्या परिचित संकेतस्थळास, त्याच्या नावाने. तिसरीस उत्तर आले व चौथीस नाही, तर पत्ता सांगणारा कोश गैरहजर. चारही हाकांस उत्तर येते आणि तरी सरकारी पान चालत नाही, तर ते संकेतस्थळच थकलेले आहे. कंपनीस दोष देऊ नये. महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास, विवरणपत्रांच्या गर्दीत, हा अनुभव कोणास आला नाही ?

ह्या परीक्षेस पाच मिनिटे लागतात. तिचे फळ दर वेळी वहीत लिहावे. दहा नोंदींनंतर वही स्वत:च बोलू लागते.

केवळ आपल्याच गल्लीत नव्हे

सॉफ्टवेअरमुळे जोडणी तुटणे ही लहान गावची किंवा लहान कंपनीची गोष्ट आहे, अशी समजूत असल्यास ती दूर करावी. जर्मनीत २७ नोव्हेंबर २०१६ रोजी डॉइच टेलिकॉम ह्या बलाढ्य कंपनीच्या सुमारे ९ लाख गिऱ्हाइकांचे राउटर बंद पडले. दुरून राउटर सांभाळण्याची जी वाट वर सांगितली, तिच्यावरच दुष्टबुद्धीने हल्ला झाला होता. कंपनीने सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ती काढली, आणि गिऱ्हाइकांस राउटर काही वेळ विजेपासून अलग करून पुन्हा चालू करण्यास सांगितले. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स ह्या कंपनीने आपल्या मुख्य यंत्रणेत बदल करीत असता एक चाळण काढून टाकली. मार्गांच्या नोंदींचा पूर लोटला आणि सव्वा कोटीच्या आसपास गिऱ्हाइकांची सेवा थांबली. दुकानांतून कार्डाने होणारा पैशांचा व्यवहारही देशभर अडला. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये एका कंपनीचे सहा लाखांवर राउटर तीन दिवसांत निकामी झाले. त्यांतील सॉफ्टवेअरच नासविले गेल्याने ते बदलून द्यावे लागले. तात्पर्य, मोठ्या कंपनीचे कनेक्शन घेतले म्हणजे निश्चिंत झालो, असे नाही.

तक्रार कशी करावी

तक्रार करताना "इंटरनेट चालत नाही" एवढेच म्हटल्यास कंपनीचा माणूस वायर बदलून जातो. त्यास दोष देऊ नये. त्याच्या हाती वायरच असते. आपण लिहावे असे : "अमुक तारखेपासून जोडणी इतक्या अंतराने इतक्या वेळा तुटली. प्रत्येक वेळी पीओएन दिवा स्थिर होता. राउटर उत्तर देत होता, गेटवे देत नव्हता. राउटरमधील सॉफ्टवेअरची आवृत्ती अमुक. राउटर बदलूनही फरक नाही." असे पत्र खालच्या माणसाकडे राहत नाही, वर जाते.

तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे. निकाल समाधानकारक न वाटल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. १९९७ साली स्थापन झालेले दूरसंचार नियामक प्राधिकरण हे नियम करते, परंतु एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार स्वत: सोडवीत नाही, हेही लक्षात ठेवावे.

काही पथ्येही आहेत. राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो मूळ स्थितीस नेण्यापूर्वी नाव व सांकेतिक शब्द जवळ आहेत ना ते पाहावे. नाही तर दुकान पूर्णच बंद पडते. "कंपनीतून बोलतो, तुमचा संगणक आमच्या पडद्यावर घ्या" असा फोन आल्यास कदापि ऐकू नये. तोडलेल्या जोडणीपेक्षा रिकामे झालेले बँकखाते अधिक महाग पडते. ज्यांचा धंदा रोज बिलांवर चालतो त्यांनी दुसऱ्या कंपनीचे एक स्वस्त कनेक्शन किंवा मोबाईलवरील सोय हाताशी ठेवावी. मात्र दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

शेवटी आमच्या संघापुढे एक सूचना मांडतो. आमच्या गल्लीत चार पेढ्यांवर एकच दोष होता, आणि चौघेही आपापल्या दुकानात बसून आपलेच नशीब फुटके समजत होते. कंपनीच्या दृष्टीने त्या चार किरकोळ तक्रारी होत्या. त्या एका कागदावर आल्या असत्या तर दीड महिन्याचे काम आठ दिवसांत झाले असते. मोठ्या पेढीला दुसरे कनेक्शन परवडते. गल्लीच्या टोकाशी बसणाऱ्या लहान दुकानदाराला ते परवडत नाही, आणि त्याच्या एका तक्रारीला कोणी विचारीतही नाही. सबब संघाच्या कचेरीत एक सामाईक वही ठेवावी. तीत सभासदांनी कंपनीचे नाव, राउटरची जात, सॉफ्टवेअरची आवृत्ती, व तुटण्याच्या वेळा लिहाव्यात. संघातील एखाद्या जाणत्या तरुणाने दर शनिवारी ती चाळावी, आणि तीन ठिकाणी एकच खूण दिसताच संघाच्या शिक्क्यानिशी पत्र जावे. आमच्या पुतण्याने पहिल्या पानावर रकाने आखून दिले आहेत. वही संघाच्या चिटणिसांकडे सुपूर्द केली असून ती कचेरीच्या वेळात कोणाही सभासदास मिळू शकेल.